तेलकट तव्यावर धिरडं पळतं

कोल्हापूरजवळ साच्यात फायबरचे पीस काढणाऱ्या एकाचं पत्र आलंय. नवख्यांसाठी आधी चार शब्द: मोल्ड म्हणजे साचा. पीस त्यातून सुटावा म्हणून आधी लावतात ते वॅक्स किंवा रिलीज. त्यावर मारायचा, पीसचा बाहेरचा थर म्हणजे जेलकोट, आणि त्याच्या पाठीवर काचतंतूंचं मॅट आणि ते भिजवणारं रेझिन. जेलकोट फाटून पडणारे गोल खड्डे म्हणजे डोळे, इंग्रजीत फिशआय. पत्र असं आहे:

"काका, नमस्कार. गोकुळ शिरगावात माझं लहानसं शेड आहे. ट्रॅक्टरचे फायबरचे टप करतो. मोल्ड तयार झाल्यावर चौथ्याच दिवशी पहिला टप काढायला घेतला, तो चिकटला. दुसराही चिकटला. पाचरी ठोकून काढताना मोल्डची एक कड गेली. तेव्हापासून वॅक्सचे आठ-आठ हात मारतो. मे महिन्यात पीस बरे निघाले. पाऊस सुरू झाला तसा जेलकोट मोल्डवर थांबेना. गनने मारला की दोन-तीन मिनिटांत बारीक डोळे पडतात, कडेला तर जेलकोट मागे सरकून खालचं वॅक्स उघडं पडतं. गनमधून नीट निघत नाही म्हणून ॲसिटोन घालून पातळ केला, तर जास्तच झालं. एकाच्या सांगण्यावरून सेमी-पर्मनंट रिलीजची महागडी बाटली आणली, वॅक्सवर दोन हात मारले, तरी तेच. आता गॅरेजवाला मित्र म्हणतो, गाडीच्या पेंटमध्ये फिशआयचे थेंब घालतात ते टाकून बघ. लवकर सेट व्हावं म्हणून कोबाल्टही थोडं वाढवलंय. चार टप डोळे पडलेले पडून आहेत, आठ अजून द्यायचेत. काय करू?"

आधी दोन गोष्टी, बाकीचं नंतर निवांत बोलू.

कोबाल्ट वाढवणं आजच्या आज बंद करा. बाजारात मिळणाऱ्या बऱ्याच जेलकोटमध्ये कोबाल्ट कंपनीनंच घातलेलं असतं, डब्यावर वाचा. आणि कोणत्याही कारणानं घालायची वेळ आलीच, तर आपण ज्याला हार्डनर म्हणतो ते एमईकेपी आणि कोबाल्ट कधीही एका मगात, एका चमच्यानं, एका चिंधीवर एकत्र येऊ द्यायचं नाही. थेट एकमेकांत मिसळले तर भडका उडतो, स्फोटही होतो. आधी एक पूर्ण ढवळून जिरवायचं, मगच दुसरं. हार्डनर मोजताना डोळ्यांवर चष्मा हवा. त्याचा एक थेंब डोळ्यात गेला तर डोळा कायमचा जाऊ शकतो.

दुसरं, ते फिशआयचे थेंब मित्राला परत द्या. त्यात सिलिकॉन असतं. गाडीच्या पेंटवाल्याचं त्यानं भागतं, कारण त्याच्या शेवटच्या थरावर पुढे काही चिकटवायचं नसतं. तुमच्या जेलकोटच्या पाठीवर मॅट आणि रेझिन बसायचं आहे. शिवाय सिलिकॉन एकदा शेडमध्ये शिरलं की न बोलावता आलेल्या पाहुण्यासारखं वर्षभर जात नाही.

आता मूळ दुखणं. घरी धिरडं घालताना बघितलंय ना? तवा कोरडा असला तर धिरडं चिकटतं, उलथन्यानं खरवडावं लागतं. म्हणून कोणी धांदरटपणानं तव्यावर तेलाचं तळं केलं, तर पीठ टाकल्याबरोबर पळतं, गोळा होतं, मधे भोकं पडतात. आमची आजी अर्धा कांदा तेलात बुडवून तव्यावर नुसता फिरवायची. तेल आहे हे कळायचं ते चमकेवरनं, थर दिसायचा नाही. रिलीजचं गणित तेवढंच आहे. पीस सुटावा म्हणून पृष्ठभाग गुळगुळीत आणि परका हवा, आणि जेलकोट पसरावा म्हणून तो थोडा तरी आपला हवा. तुम्ही चिकटण्याच्या भीतीनं तव्यावर तेलाचं तळं केलंय, आणि जेलकोट पळायला लागल्यावर वरनं आणखी तेल ओतलंय.

शास्त्राच्या भाषेत हा पृष्ठताणाचा खेळ. द्रव एखाद्या पृष्ठभागावर पसरायचा तर त्या पृष्ठभागाची ओढ द्रवाच्या स्वतःच्या ताणापेक्षा कमी पडून चालत नाही. जेलकोटमधल्या स्टायरीन या पातळ द्रवाचा ताण साधारण ३२ मिलिन्यूटन प्रति मीटर. वॅक्सचा पृष्ठभाग त्याच्या थोडा खालीच, म्हणजे जेलकोट वॅक्सवर बसतो तोच मुळात नाखुशीनं. सिलिकॉनचा पृष्ठभाग २० च्या आसपास, तिथं तो बसायलाच तयार नसतो. पाण्याचा ताण ७२, म्हणून पाणी कुठल्याही वॅक्सवर मोत्यासारखं गोल होतं. "पाण्याचे मणी होतायत म्हणजे वॅक्स झकास" असं सांगणारे खूप भेटतील. त्यातनं पीस सुटेल एवढं फार तर कळतं, जेलकोट थांबेल का ते कळत नाही.

मग नाखुशीनं बसणारा जेलकोट एरवी टिकतो कसा? तो घट्ट असतो म्हणून, पुरेसा जाड असतो म्हणून, आणि मागे सरकायला वेळ मिळायच्या आत जेल होतो म्हणून. तुमच्याकडे मे महिन्यात या तिन्ही गोष्टी कशाबशा जुळत होत्या. पत्र्याच्या शेडमध्ये दुपारी मोल्ड चांगला तापलेला, जेलकोट झटपट आवळत होता. आता आषाढात कोल्हापुरात दुपारीसुद्धा पंचवीसच्या आसपास. जेल व्हायला वेळ लागतो, त्या वेळात जेलकोट आरामात गोळा होतो. त्यात तुम्ही ॲसिटोन घातलं. म्हणजे घट्टपणा गेला, थर पातळ झाला, आणि सरकायला मोकळं रान मिळालं. ॲसिटोन जेलकोटमध्ये कधीच घालायचं नाही. ते थरात अडकून राहतं, कडकपणा येत नाही, नंतर बारीक छिद्रं निघतात.

पण तुम्ही ॲसिटोन घातलंत का? "गनमधून नीट निघत नाही म्हणून." हे वाक्य मला पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं वाटलं. मी पैज लावतो, तुमची गन गाडीच्या पेंटची आहे, कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या कुठल्याही दुकानात मिळते ती, नोझल १.४ मिलिमीटरचा. त्यातून जेलकोट जाणारच नाही, तो मुद्दाम घट्ट ठेवलेला असतो. त्यात बारीक सिलिका असते, उभ्या भिंतीवरून ओघळू नये म्हणून. जेलकोटला किमान अडीच मिलिमीटर तोंड लागतं. महागड्या रिलीजच्या बाटलीला जे दिलेत त्यात बहुधा साधी कप-गन आली असती. तेवढे पैसे नसतील तर मऊ केसांच्या रुंद ब्रशनं मारा, काही कमीपणा नाही. फक्त एकाच दिशेनं भरभरून ओढायचं आणि सोडून द्यायचं. पुन्हा पुन्हा ब्रश फिरवलात की खालचं वॅक्स उचललं जातं आणि डोळे हातानं काढल्यासारखे होतात.

डोळे कसे आहेत हे नीट बघायला शिका, त्यावरनं निम्मं निदान होतं. गोल, सुटे, इकडे तिकडे विखुरलेले, आणि नखानं टोकरलं तर मधे बारीक ठिपका, असे असतील तर काहीतरी वरून पडलंय: कॉम्प्रेसरचं पाणी, तेल, सिलिकॉनची फवार. कडेनं, कोपऱ्यातनं जेलकोट मागे सरकतो आणि मधला भाग बरा राहतो, तेव्हा पृष्ठभाग फार निसरडा किंवा थर फार पातळ. आणि डोळ्यांच्या ओळी हात फिरवल्यासारख्या गोलाकार दिसल्या, तर वॅक्स नीट पुसलेलं नाही, बोटांच्या मागे राहिलेलं आहे. तुमच्या पत्रात पहिलं आणि दुसरं दोन्ही आहे. म्हणजे कॉम्प्रेसरकडेही बघायला हवं. पावसाळ्यात टाकीच्या तळाशी रोज पाणी जमतं. सकाळी काम सुरू करायच्या आधी खालची तोटी सोडा. काय निघतं ते बघून स्वतःच चकित व्हाल. गनच्या आधी पाणी धरणारा फिल्टर बसवा आणि हवा कोऱ्या पांढऱ्या कागदावर मिनिटभर मारून बघा. कागदावर डाग पडला तर जेलकोटवर पडणारच.

सिलिकॉनचा माझा अनुभव सांगतो, कारण तो ऐकून कोणी हसलं तरी चालेल, पण विसरणार नाही. शेड चालवायला लागल्यावर तिसऱ्या की चौथ्या वर्षी आमच्याकडे अचानक डोळे पडायला लागले. वॅक्स बदललं, जेलकोटचा डबा बदलला, पोरांना झापलं. आठ दिवस गेले. शेवटी कळलं की दुपारच्या सुट्टीत मीच माझी मोटरसायकल शेडच्या दारात उभी करून सीटवर चमकेचा स्प्रे मारत होतो. वारा आत, स्प्रे आत, मोल्डवर अदृश्य फवार. तेव्हापासून असले स्प्रे, दाराच्या बिजागऱ्यांचं सिलिकॉन, पट्ट्याचा स्प्रे, सगळं फाटकाबाहेर. डोक्याला खोबरेल लावून आलेला गडी कपाळ पुसून तोच हात मोल्डवर ठेवतो, तेही बंद. भडंग खाल्लेले हात तर सांगायलाच नकोत. आणि मोल्ड पुसायला जुने बनियन वापरत असाल तर ते कपडे मऊ करायच्या द्रावणात धुतलेले नसावेत. त्याचं मेणचट अंग कापडात राहतं.

गाडीचं पॉलिश मोल्डचं वॅक्स म्हणून वापरताय का, हे पत्रात नाही. वापरत असाल तर तेच मूळ असू शकतं, कारण त्यात बऱ्याचदा सिलिकॉन असतं. मोल्डसाठीचं वॅक्स वेगळं मिळतं, बहुतेक कार्नोबाचं, ब्राझीलमधल्या एका ताडाच्या पानांवरचं मेण. डब्यावर सिलिकॉन नाही असं स्पष्ट लिहिलेलं बघून घ्या.

आता मोल्ड पूर्ण उतरवावा लागेल, त्याला इलाज नाही. सेमी-पर्मनंट रिलीज मोल्डच्या अंगाला धरून बसायला बनवलेलं असतं, त्याला खाली स्वच्छ, बिनवॅक्सचा पृष्ठभाग लागतो. तुम्ही ते वॅक्सवर मारलंत, म्हणजे शेणानं सारवलेल्या भिंतीवर फरशी चिकटवली. ती बाटली वाईट नाही, जागा चुकली. ती सध्या बाजूला ठेवा. पुढे मोल्ड मुरला की फक्त तिच्यावरच काम करता येईल, वॅक्सशिवाय आणि कंपनीच्या कागदात लिहिल्याप्रमाणे. सोबत दोन शब्द लक्षात ठेवा: तिचेही जादा हात मारले तर जेलकोट असाच पळतो.

उतरवताना क्रम चुकवू नका. आधी साबणाच्या पाण्यानं धुवा, वाळवा. मग मोल्ड क्लीनर किंवा टोल्युईन स्वच्छ कापडावर घेऊन दोन हातांचं काम: एका कापडानं ओलं करायचं, ते वाळायच्या आत दुसऱ्या कोरड्या कापडानं उचलून घ्यायचं, कापडाची बाजू सतत बदलायची. नाही तर वॅक्स आणि सिलिकॉन एका जागेवरून दुसऱ्या जागी फिरत राहतं, जात नाही. मोल्ड तरुण आहे, त्यावर सॉल्व्हंट साचू देऊ नका, मऊ पडेल. दारं उघडी, हातमोजे, तोंडाला केमिकलचा मास्क, आणि शेडमध्ये विडी-काडी नाही. हे झाल्यावरच पॉलिश पेपर: १००० नं, मग १२००, मग १५००, पाण्यात. आधीच घासलंत तर घाण घासून आत जाते. शेवटी सिलिकॉन नसलेल्या कंपाउंडनं बफ करून पुन्हा धुवा. सगळं मिळून एक दिवस जाईल.

त्यानंतर वॅक्स. आठ नाही, पाच हात. पण घाईचे आठ आणि बेताचे पाच यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. पहिला हात पूर्ण उडून कडक व्हायच्या आत दुसरा मारला की दुसऱ्यातलं सॉल्व्हंट पहिल्याला विरघळवतं, त्यामुळे आठ मारले तरी अंगाला बसतो तो एकच, बाकीचं नुसतं साचतं आणि तेच जेलकोटला पळवतं. दोन फूट बाय दोन फुटाचा तुकडा घ्यायचा, पातळ लावायचं, धूसर झालं की पुसायचं, मग कोऱ्या सुती कापडानं चमक येईपर्यंत बफ. दोन हातांमध्ये एक तास, पावसाळ्यात दीड-दोन. पाचवा हात संध्याकाळी, आणि मोल्ड रात्रभर तसाच. पुढच्या तीन-चार पीसांना प्रत्येकी एक हात, त्यानंतर तीन-चार पीसांनी एकदा.

आणि वॅक्सवर पीव्हीए, म्हणजे फवारून वाळवायचं आणखी एक रिलीज. तुमचे पहिले दोन टप चिकटले ते वॅक्स कमी होतं म्हणून नव्हे. चार दिवसांच्या मोल्डमधून स्टायरीन अजून बाहेर येत असतं, त्याच्या अंगात अजून धग असते. असा हिरवा, म्हणजे कच्चा मोल्ड नव्या जेलकोटला आपलासा करून घेतो. त्याला आठवडा-दोन आठवडे मुरू द्यायचं, आणि पहिले काही पीस पीव्हीएवर काढायचे. पीव्हीएचं पाण्यात विरघळणारं पातळ पापुद्र्यासारखं आवरण वॅक्स आणि जेलकोट दोघांच्या मधे बसतं. त्यावर जेलकोट वॅक्सपेक्षा चांगला पसरतो, म्हणजे तुमची दोन्ही भुतं एकाच वेळी उतरतात. चमक थोडी मंदावते हे खरं, पण ट्रॅक्टरचा टप आहे, त्यावर उसाच्या फडातला चिखल उडणार आहे, शोरूममध्ये कोण आरसा बघणार आहे?

पीव्हीए ब्रशनं नको. आधी धुक्यासारखा हलका फवारा, तो चिकट झाला की दोन भरीव फवारे. हलका फवारा न मारता एकदम ओला थर मारलात तर पीव्हीएसुद्धा वॅक्सवर मणी मणी होऊन गोळा होतो. आणि तो हलक्या फवाऱ्यानंतरही गोळा होत असेल तर थांबा. वॅक्स जास्त राहिलंय किंवा सिलिकॉन गेलेलं नाही, पुन्हा बफ करा. पावसाळ्यात पीव्हीए वाळल्यासारखा दिसतो आणि वाळलेला नसतो. कोपऱ्यातल्या जागेवर बोट टेकवा, थंड आणि चिकट लागलं तर अजून अर्धा तास. पंखा लावा, हॅलोजनचा दिवा लांबून दाखवा. ओल्या पीव्हीएवर जेलकोट मारला की त्याला सुरकुत्या पडतात.

जेलकोट मारायच्या आधी एक सोपी चाचणी करा, तिला फारसे पैसे पडत नाहीत. मोल्डच्या बाहेरच्या पट्टीवर, जिथून पीस कापून टाकणार तिथं, हार्डनर न घातलेला जेलकोट हाताच्या पंजाएवढा ओढा आणि दहा मिनिटं बघत बसा. जाड ओढा, नेहमीच्या थराएवढा. तो तसाच राहिला तर काम सुरू करा. कडा आखडल्या किंवा डोळे पडले, तर मोल्ड अजून तयार नाही हे तुम्हाला शंभर रुपयांत कळलं, हजारांत नाही. पुसून काढा आणि तेवढ्या पट्टीला वॅक्स-पीव्हीए पुन्हा करा.

मारताना थर किती? अर्धा मिलिमीटर, थोडा वरच चालेल, पाऊण मिलिमीटरच्या वर नको. हिशेब सोपा: एक चौरस मीटरवर अर्धा मिलिमीटर म्हणजे साधारण ६०० ग्रॅम जेलकोट, फवाऱ्यात उडून जाणारा वेगळा. तुमच्या टपाचं माप घ्या, जेलकोट वजनानं घ्या, आणि सगळा त्यावरच संपला पाहिजे. थराची जाडी मोजायची दातेरी गेज मिळाली तर ओल्या थरात टेकवून बघा. फार पातळ थर मागे सरकतो, नीट कडक होत नाही, आणि वर मॅट-रेझिन पडलं की त्यातलं स्टायरीन त्याला खाऊन मगरीच्या कातडीसारख्या सुरकुत्या आणतं. एका दमात जाड मारू नका. पहिला पातळ, तो जरा चिकट होऊ द्या, दहा मिनिटांच्या आत दुसरा, लगेच तिसरा. तो चिकट झालेला पहिला थर पुढच्यांना धरून ठेवतो. हार्डनर दीड ते दोन टक्के. गारठा आहे म्हणून तीन-चार टक्के करू नका आणि एकच्या खाली कधी जाऊ नका. शेड गार असेल तर सकाळी आठ वाजता मारायच्या ऐवजी अकराला मारा, जेलकोटचा डबा आणि मोल्ड दोन्ही एकाच तापमानाला येऊ द्या. बोट लावल्यावर चिकट लागतो पण बोटाला रंग येत नाही, तेव्हा मॅट टाकायला घ्या.

आणि एवढं करूनही डोळे पडले तर? मॅट टाकू नका. ओला असतानाच कापडानं, पुठ्ठ्यानं सगळा काढून टाका, जेल झाला असेल तर दुसऱ्या दिवशी सोलून काढा. सहाशे ग्रॅम जेलकोट गेला तर गेला, त्यावर मॅट आणि रेझिन घालून अख्खा टप घालवू नका. तुमचे चार टप असेच गेलेत.

ते चार मात्र वाचतील. आधी साबणपाण्यानं आणि मग सॉल्व्हंटनं पुसून वॅक्स काढा. डोळ्याच्या कडा २२० च्या पेपरनं मोकळ्या आणि खरखरीत करा. त्याच डब्यातला जेलकोट, हार्डनर घालून, कडेपेक्षा किंचित वर येईल एवढा भरा आणि त्यावर लगेच पारदर्शक सेलोटेप किंवा प्लास्टिकची पारदर्शक शीट घट्ट बसवा. जेलकोट हवेत उघडा राहिला तर वरून चिकटच राहतो, हवेतला ऑक्सिजन त्याला पूर्ण कडक होऊ देत नाही. मोल्डमध्ये ती बाजू झाकलेली असते म्हणून तिथं हा प्रश्न येत नाही. दुसऱ्या दिवशी टेप काढा, ४००, ८००, १२०० आणि बफ. जवळून बघितलं तर खूण दिसेल. गिऱ्हाईकाला आधीच सांगून दोन पैसे कमी घ्या.

मोल्डची गेलेली कड टूलिंग जेलकोटनं, म्हणजे मोल्डसाठीच्या जेलकोटनं, आत्ताच भरून घ्या, उतरवलेला आहे तोवर. नाही तर प्रत्येक पीस तिथंच अडकेल आणि तुम्ही पुन्हा हातोडी काढाल. टप सुटत नसेल तर लोखंडी पाचर नको. प्लास्टिकची पाचर एका कोपऱ्यात हलकेच घाला, फट पडली की कोमट पाणी ओता आणि चहा घेऊन या. पीव्हीए आत विरघळतो. मग दुसऱ्या कोपऱ्यात पाणी, आणि मोल्डच्या पाठीवर रबरी हातोडीनं दोन टपल्या.